एक मेलेलं झाड, तीन थडगी आणि एक पडकं चर्च: हे चित्र कसं वाचायचं?

ओसरी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही ट्रॉयला राहतो, म्हणजे डेट्रॉइटच्या उत्तरेला. आमच्या काउंटीतल्या लोकांना डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये प्रवेश फुकट. (घरपट्टीतून तो आधीच वसूल केलेला असतो, पण फुकट म्हटलं की बरं वाटतं.) भारतातून पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, दिएगो रिवेराची १९३२-३३ सालची कारखान्यांची भित्तिचित्रं दाखवायची, कॉफी प्यायची आणि घरी यायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. यंदा सासूबाई आल्या होत्या. डच दालनात पोचेपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून समोर दिसलेल्या बाकावर टेकल्या. त्या बाकापुढे हे चित्र. पंधरा मिनिटं झाली तरी उठेनात. मला वाटलं गुडघेच. तर म्हणाल्या, "अगं, इथे नुकताच पाऊस पडून गेलाय. बघ ना, दगड ओले आहेत."

चित्र मोठं आहे, पावणेपाच फूट उंच आणि सव्वासहा फूट रुंद. आभाळ काळं. मागे एका दगडी इमारतीचा सांगाडा: छप्पर गेलेलं, कमानी उभ्या, त्यांतून आभाळ दिसतंय. पुढे दगडी थडगी, त्यांतल्या एकावर ढगांच्या फटीतून आलेला पांढरा उजेड. उजवीकडे एक झाड वठून निष्पर्ण झालेलं, बुंधा हाडासारखा पांढरा. त्याच्यामागे मात्र हिरवीगार झाडी. खालून खळाळत जाणारा ओहोळ. डावीकडे आभाळात इंद्रधनुष्य, तेही फिकट, असून नसल्यासारखं.

मी शेजारची पाटी आधी वाचत नाही. आधी आपण आपलं बघावं. तर माझं वाचन असं झालं: गावाबाहेरचं पडकं चर्च, त्याच्या आवारातली थडगी, सगळं एक दिवस संपतं, पाणी मात्र वाहत राहतं, आणि इंद्रधनुष्य म्हणजे आशा. दोन मिनिटांत चित्र खिशात!

मग पाटी वाचली. याकोब व्हॅन रुईसडेल, 'ज्यू दफनभूमी', साल १६५४-५५ च्या आसपास. ज्यू? मग मागे चर्च कसं?

घरी येऊन शोधलं तेव्हा गंमत कळली. थडगी अगदी खरी आहेत. ॲमस्टरडॅमजवळ अमस्टेल नदीकाठी आउडरकेर्क नावाचं गाव आहे, तिथे पोर्तुगीज ज्यूंनी १६१४ मध्ये जागा घेऊन दफनभूमी केली, ती आजही आहे. चित्रकाराने तिथे जाऊन थडग्यांची रेखाटनं केली होती. त्यांतली दोन हारलेमच्या टायलर्स म्युझियममध्ये जपलेली आहेत. पण त्या जागी ना टेकडी, ना खळाळता ओहोळ, ना पडकी इमारत. सपाट पोल्डरची, म्हणजे पाणी हटवून मिळवलेली जमीन. डेट्रॉइटच्या चित्रातलं खिंडार आहे एग्मंडच्या मठाचं, आणि तो मठ पार तिकडे उत्तरेला अल्कमारजवळ. म्हणजे या माणसाने थडगी इकडून उचलली, दगडी इमारत तिकडून आणली, झाड आणि पाणी मनचं घातलं.

याच चित्राची दुसरी आवृत्ती जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. ती लहान आहे, आणि तिच्यातलं खिंडार वेगळं.

आता माझा प्रश्न. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्लिश निसर्गचित्रकार रुईसडेलचा भक्त, त्याच्या चित्रांच्या नकला करून शिकलेला. पण १८३६ च्या व्याख्यानांत तो या माणसावर याच कारणासाठी चिडतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: पडकी इमारत म्हणजे म्हातारपण, ओहोळ म्हणजे आयुष्याचा प्रवाह, खडक आणि कडे म्हणजे संकटं, हे सगळं ठीक आहे, पण बघणाऱ्याला ते कळायचं कसं?

मला हा प्रश्न पटतो आणि छळतोही. पाटी वाचण्याआधी मी बघितलं ते चित्र आणि नंतरचं चित्र एकच का? तुम्ही निसर्गचित्र कसं 'वाचता'?

सरळमार्गी

वाचत नाही, बघतो. आवडलं तर थांबतो, नाही तर पुढच्या दालनात.

अर्थ काढणं हा समीक्षकांचा पोटापाण्याचा धंदा. चित्रकाराने झाड काढलं कारण त्याला झाडं काढता येत होती. एकाच विषयाची दोन चित्रं केली याचा अर्थ पहिलं खपलं. (हलके घ्या.)

टर्पेंटाईन

सरळमार्गी, अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यासाठी मला बोलावंच लागेल, कारण आयुष्याची चाळीस वर्षं झाडं आणि दगड रंगवण्यात गेली.

जे. जे. कलाशाळेत असताना आम्हाला वाईच्या घाटावर निसर्गचित्रासाठी नेत. पहिल्या दिवशी सगळे देऊळ काढायचे. मास्तर मागे उभे राहून म्हणायचे, देऊळ छान झालंय, पण ते उभं कशावर आहे? तेव्हा कळलं नाही. दगडी इमारत चित्रात आली की ती सगळं चित्र गिळते, कारण ती सरळ रेषांची असते आणि डोळा सरळ रेषेकडे धावतो. तिला आवरायला झाड लागतं. झाड वाकडं, अनियमित, कडा विरघळणारं. म्हणून जुन्या दगडी बांधकामाशेजारी झाड हे समीकरण जगभर दिसतं. त्यात तत्त्वज्ञान नंतर येतं, आधी गरज येते.

आता हे चित्र बघा (मी संगणकावर मोठं करून बघतोय, प्रत्यक्ष नाही, तेवढी सवलत द्या). सगळ्यात पांढरं काय आहे? ते एक थडगं, आणि वठलेलं खोड. दोन्ही गडद अंधाराला चिकटवून ठेवलेत. जलरंगात आम्ही कागद कोरा सोडून जो उजेड मिळवतो तो हा माणूस तैलरंगात पांढऱ्याचा थर चढवून मिळवतो. डोळा थडग्यावरून खोडावर जातो, खोडाच्या तिरक्या रेषेने खाली घसरतो तो थेट पाण्यात, आणि पाण्याबरोबर चित्राबाहेर. खिंडार बिचारं एवढं उंच असून मागे, राखाडीत. म्हणजे मोठी वस्तू मागे ढकलली आणि लहान वस्तू उजेडात आणली. हे हाताच्या सवयीने होत नाही, ठरवून करावं लागतं.

तेव्हा ओसरी, कॉन्स्टेबलला माझं उत्तर: ओहोळ म्हणजे आयुष्य हे कळलं नाही तरी चालेल. थडगं इमारतीपेक्षा महत्त्वाचं आहे, हे मात्र चित्र एक शब्द न बोलता सांगतं. तेवढं वाचता आलं तरी पुष्कळ.

पाणचक्की

आधी उच्चार! नेदरलँड्समध्ये अकरा वर्षं काढली आहेत, त्या हक्काने बोलतो. रुईसडेल नाही हो. याकोप फान राउस्डाल. तो 'ui' मराठीत बसतच नाही, 'आ' म्हणता म्हणता ओठांचा चंबू करायचा. माझ्या मुलीने तीन वर्षं शिकवूनही मला जमलेला नाही, पण 'रुई' ऐकवत नाही.

बाकी लेख आवडला. आउडरकेर्क माझ्या घरापासून सायकलने पाऊण तास. इतक्या वेळा त्या गावात पॅनकेक खायला गेलो, दफनभूमी आहे हे माहीत होतं, आत कधी गेलो नाही. आता जातो आणि कळवतो.

ओसरी

राउस्डाल तर राउस्डाल. सासूबाई अजूनही 'तो रुईवाला' म्हणतात.

टर्पेंटाईन, काय सुंदर समजावलंत! मोठं मागे आणि लहान उजेडात, हे मला अजिबात दिसलं नव्हतं.

फांदीवरचा

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक भर. या माणसाची झाडं ओळखू येतात. त्याच्या आधीच्या पुष्कळ चित्रकारांच्या झाडांना नुसतं 'झाड' एवढंच म्हणता येतं. याच्या चित्रांत ओक, बर्च, एल्डर वेगवेगळे सांगता येतात: साल कशी फाटते, फांदी कुठल्या कोनात फुटते, पानांचा झुबका कसा लोंबतो. हे पांढरं पडलेलं खोड बीचचं मानतात. बीचची साल गुळगुळीत, राखी असते, मेल्यावर ती गळून आतलं लाकूड उघडं पडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पानं गळलेला कांडोळ बघितलाय का, भुत्या झाड? चांदण्यात जसा दिसतो तसं काहीसं. फरक इतकाच की कांडोळाला पुन्हा पालवी येते.

सरळमार्गी

बघा, झाड बीच आहे हे कळल्याने चित्र अधिक चांगलं झालं का? नाही.

फांदीवरचा

माझ्यासाठी झालं.

एल्बेकाठी

मी ड्रेस्डेनला असते, त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीची बाजू मांडायला मी. चौऱ्याऐंशी बाय पंचाण्णव सेंटीमीटर, म्हणजे घरात लावता येईल एवढं. डेट्रॉइटच्या चित्रात (छायाचित्रावरून सांगते) हवा खेळती आहे, इथे गुदमरायला होतं. आभाळ खाली उतरलेलं, अंधार जास्त, पडकी भिंत आणखी पडकी. आणि एक बारीक गोष्ट: चित्रकाराने सही केलीय ती एका थडग्याच्या दगडावर. पहिल्यांदा दिसलं तेव्हा काटा आला. आता मी ज्याला त्याला तेच दाखवते.

इथे या चित्राला मान आहे तो जर्मन महाकवी गटेमुळे. १८१६ मध्ये त्याने राउस्डालच्या ड्रेस्डेनमधल्या तीन चित्रांवर निबंध लिहिला, चित्रकार कवी कसा असतो यावर. दफनभूमीबद्दल तो म्हणतो, हे चित्र फक्त भूतकाळाला वाहिलेलं आहे, आणि ही मोडकळीला आलेली थडगी म्हणजे स्वतःचीच थडगी आहेत. जर्मनमध्ये ते वाक्य घणाघाती आहे.

पण मला एक शंका आहे. चित्रापुढे जाऊन मी थडगी नीट बघते तेव्हा ती मला तेवढी मोडकी वाटत नाहीत. मोडलंय ते चर्च. थडगी बऱ्यापैकी धड आहेत.

टर्पेंटाईन

शंका रास्त आहे. डेट्रॉइटच्या चित्रात तर थडग्यांच्या कडा मला चांगल्या करकरीत दिसतात.

ओसरी

एल्बेकाठी, मग गटेने ते चर्चचंच आवार समजून लिहिलं का? माझ्यासारखं?

एल्बेकाठी

तो 'किर्खहोफ' शब्द वापरतो, शब्दशः चर्चचं आवार. पण फार ताणू नका, जर्मनमध्ये हा शब्द कुठल्याही दफनभूमीला वापरत, ज्यूंच्यासुद्धा. एवढं खरं की थडगी कुणाची, या प्रश्नात तो शिरत नाही. त्याला माणूस, काळ, विनाश असं मोठं मोठं दिसतं.

रेवदंडेकर

गेली काही वर्षं इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मूळ गाव रेवदंड्याजवळ, आता ठाण्यात. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, कीर्तनं मराठीत. (हो, आमच्याकडेही कीर्तनं होती.) घाणा चालवून तेल काढायचं आणि शनिवारी काम बंद, म्हणून कुलाबा जिल्ह्यात आम्हाला शनवार तेली म्हणत. हे पुष्कळांना माहीत असेल.

आउडरकेर्कच्या त्या दफनभूमीचं नाव आहे 'बेथ हाईम'. हिब्रूत याचा अर्थ 'जिवंतांचं घर' किंवा 'जीवनाचं घर'. दफनभूमीला मुद्दाम असंच म्हणायची रीत आहे. जसं आपल्याकडे घरातलं कुंकू संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात, तसं. तेव्हा ज्या चित्राकडे सगळे 'मृत्यू, मृत्यू' म्हणून बघताहेत त्यातल्या जागेचं मूळ नाव नेमकं उलटं आहे. चित्रकाराला ते ठाऊक होतं का? तो ज्यू नव्हता. मेनोनाइट घरातला, १६५७ मध्ये त्याने कॅल्व्हिनिस्ट चर्चात बाप्तिस्मा घेतला (दोन्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ). तेव्हा मी यावर पैज लावणार नाही.

दुसरं. त्या तीन थडग्यांतलं एक एलियाहू मोंताल्तो यांचं आहे. पोर्तुगालमधले वैद्य, इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) धाकाने वरवर ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या घरातले, पुढे उघडपणे ज्यू झाले आणि फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिचे राजवैद्य बनले. १६१६ मध्ये फ्रान्समध्ये वारले, तर राणीने देहाला मसाले भरून तो आउडरकेर्कला पाठवण्याची व्यवस्था केली, कारण दफन ज्यू भूमीतच व्हायला हवं. एवढा प्रवास करून तो माणूस त्या दगडाखाली आलाय.

एलियाहू हे नाव आमच्या घरात रोजचं. मलिदा करतो (गोड पोहे, खोबरं, फळं) तो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. आजी मला लहानपणी तिथे घेऊन गेली होती. खडक, झाडी, पाऊस नुकता थांबलेला. ओसरी, तुमच्या सासूबाईंना ओले दगड दिसले ना, मला चित्र उघडल्याबरोबर तेच आठवलं.

आणि नवगाव. आमच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज तिथल्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांचे देह नवगावला पुरले. मातीचे उंचवटे आहेत, शेजारी स्मारक आहे. तिथे कुणी पडकी इमारत बघायला गेलं तर निराश होईल. आमच्याकडे मागे ठेवायला इमारती नव्हत्याच, दगड तेवढे.

म्हणून एल्बेकाठींचं म्हणणं मला फार लागलं. चर्च मोडलंय, थडगी धड आहेत. मी अर्थबिर्थ काढणाऱ्यातला नाही, पण हे दिसतं.

सरळमार्गी

रेवदंडेकर, लिहीत जा हो. असे प्रतिसाद आले तर मी वाद घालायचा कशाशी?

पाणचक्की

एग्मंडच्या मठाबद्दल थोडं. तो आपोआप पडला नाही. १५७३ मध्ये स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या डच बंडखोरांनीच पाडला, स्पेनचं सैन्य त्यात तळ ठोकेल या भीतीने. म्हणजे चित्र काढलं तेव्हा त्याला उणीपुरी ऐंशी वर्षं झाली होती. चित्रकाराच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने केलेली गोष्ट. त्या काळच्या डच माणसाला हे खिंडार 'काळाचा महिमा' वगैरे वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्याला ते आपल्या लढाईचं खिंडार वाटलं असणार.

आणि आता ही दोन्ही एका चौकटीत ठेवा. मठ पडला तो स्पेनशी झालेल्या लढाईत. थडग्यांतली माणसं इथवर आली ती स्पेन-पोर्तुगालच्या इन्क्विझिशनमुळे. एकाच राजसत्तेने दोन्हीकडे दगड हलवले.

टर्पेंटाईन

वा! पण हे चित्रात आहे की तुमच्या डोक्यात?

पाणचक्की

माझ्या डोक्यात. पण ते दोन दगड एका चौकटीत मी नाही ठेवले, त्याने ठेवलेत.

ओसरी

इथेच तर माझं घोडं अडतं. पाणचक्की म्हणतात ते पटतं, पण ते कळायला १५७३ माहीत हवं. सासूबाईंना ते माहीत नव्हतं, १६१४ ही नाही, बेथ हाईमही नाही. तरी त्या पंधरा मिनिटं उठल्या नाहीत. आणि मी, जिने दोन मिनिटांत अर्थ लावला, ती पुढे निघाले होते. म्हणजे आमच्या दोघींत जास्त वाचलं कुणी?

काल रात्री फोनवर त्यांना रेवदंडेकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते उजेडातलं थडगं त्या वैद्याचं का?" मी म्हटलं ते नक्की सांगता नाही येत, तिघांतलं एक. तर म्हणाल्या, "त्याचंच असू दे."

सरळमार्गी

सासूबाईंना आयडी काढून द्या.

एक शंका, जाता जाता. इंद्रधनुष्य दिसायचं तर सूर्य बघणाऱ्याच्या पाठीशी हवा. मग समोर एवढा अंधार कसा? चुकलाय की काय राउस्डाल?

टर्पेंटाईन

नाही, उलट बरोबर आहे. सूर्य पाठीशी, समोर पावसाचा काळा ढग, म्हणूनच धनुष्य उठतं. आणि थडग्याची आपल्याकडची बाजू उजळलीय ती त्याच उजेडाने. उजेड आपल्या खांद्यावरून आत जातोय. आषाढात सिंहगडावर उभे राहा संध्याकाळी, पश्चिमेला ऊन आणि पूर्वेला काळंकुट्ट. हेच दिसेल.

सरळमार्गी

म्हणजे इंद्रधनुष्य आशा म्हणून नाही, हवामान म्हणून. मी आधीपासून काय म्हणतोय?

रेवदंडेकर

नोहाच्या प्रलयाच्या गोष्टीतही ते आधी हवामानच होतं हो. :)

फांदीवरचा

वाचनखूण साठवली आहे. पाणचक्की, गेलात का आउडरकेर्कला?

पाणचक्की

(धागा वर काढतोय.) गेलो होतो. फजिती ऐका.

काल सुट्टी, हवा बरी होती, सायकल काढली. अमस्टेलच्या काठाने गेलो, वाटेत दोनदा भुरभुर. गावात आधी पॅनकेक हाणले आणि मग थाटात दफनभूमीच्या फाटकाशी. बंद. आसपास चिटपाखरू नाही. पाटी वाचतो तो काय, शनिवारी बंद असते.

मग नदीच्या बाजूने जेवढं दिसेल तेवढं पाहिलं. ओसरींनी लिहिलंय तसंच, अगदी सपाट. टेकडी नाही, ओहोळ नाही, संथ पाणी आणि त्यात बदकं. झाडं आहेत, पण सगळी हिरवी. दगड गवतात आडवे पडलेले, लांबून ओळखू येत नाही कुठला कुणाचा. चित्रातलं काही म्हणजे काही तिथे नव्हतं. तरी अर्धा तास उभा होतो. पुढच्या रविवारी परत जाणार आहे.

रेवदंडेकर

अहो, शनवारी कोण उघडं ठेवील?